बियाण्यांचा राखणदार

इसवी सन १८९१ मध्ये रशियात भयंकर दुष्काळ पडला. व्होल्गा नदीच्या खोऱ्यातील उभी पिके करपून गेली; उपासमार आणि तिच्या पाठोपाठ आलेली रोगराई ह्यांनी काही लाख माणसांचा बळी घेतला. त्या वेळी मॉस्को शहरातील एका कापड-व्यापाऱ्याचा मुलगा निकोलाय अवघा चार वर्षांचा होता. वडील, इव्हान व्हाविलॉव्ह, हे शेतकरी कुळात जन्मलेले आणि लहानपणीच खेड्यातून शहरात येऊन स्वतःच्या कष्टाने वर चढलेले गृहस्थ. मुलांनी आपला व्यापार पुढे चालवावा, अशी त्यांची स्वाभाविक इच्छा होती. परंतु धाकटा सर्गेय पदार्थविज्ञानाकडे वळला, आणि थोरल्या निकोलायने १९०६ साली मॉस्कोच्या शेतकी संस्थेत नाव घातले. तेथे त्याने पहिला प्रबंध लिहिला तो शेतातील रोपे कुरतडणाऱ्या गोगलगायींवर. पुढे जगभर कीर्ती मिळवणाऱ्या पुरुषाच्या विद्येचा आरंभ अशा क्षुद्र जिवापासून व्हावा, ह्याची मौज वाटते.

१९१३ साली निकोलाय व्हाविलॉव्ह इंग्लंडला गेले. आनुवंशिकी हे शास्त्र त्या काळी नुकतेच बाळसे धरू लागले होते, आणि त्याचे अग्रणी विल्यम बेटसन ह्यांच्या हाताखाली काम करण्याची संधी त्यांना लाभली. गव्हावर पडणारा तांबेरा हा रोग शेतकऱ्याच्या तोंडचा घास हिरावून नेतो, हे सर्वांस ठाऊक होते. व्हाविलॉव्ह ह्यांचे लक्ष निराळ्याच गोष्टीकडे गेले. एकाच शेतात, एकाच हवेत वाढलेल्या काही वाणांना तो रोग होतो, तर काहींना तो शिवतही नाही. ही प्रतिकारशक्ती आईबापांकडून लेकरांकडे यावी तशी बियाण्यातून पुढच्या पिढीकडे जाते. मग रोगाशी झुंजणारे वाण निर्माण करावयाचे असेल, तर तो गुण अंगी असलेले बी प्रथम शोधून काढले पाहिजे. ते कोठे सापडेल? ह्या एका प्रश्नाने त्यांचे पुढील सारे आयुष्य व्यापून टाकले.

१९१६ साली पहिल्या महायुद्धाच्या काळात उत्तर इराणमध्ये तळ देऊन असलेल्या रशियन सैनिकांना पाव खाल्ल्यावर भोवळ येऊ लागली. कारण शोधण्यासाठी व्हाविलॉव्ह ह्यांना पाठवण्यात आले. गव्हात मिसळलेल्या एका विषारी तणाचा हा प्रताप आहे, हे त्यांनी ओळखले. काम संपले, पण ते परतले नाहीत. तसेच पुढे पामीरच्या पहाडांत शिरले. तेथे त्यांच्या दृष्टीस जे पडले ते नीट समजून घेण्याजोगे आहे. पायथ्याच्या शेतांत गहू पिकत असे आणि त्यात राय ही तणाप्रमाणे उगवत असे. जसजसे वर चढावे तसतशी थंडी वाढे, गहू दुबळा होई आणि राय बळावे. अगदी उंचावर गहू नाहीसा होऊन केवळ राय उरे, आणि तेथील शेतकरी निमूटपणे तिचीच कापणी करीत. ज्याला खाली तण म्हणून उपटून टाकीत, तेच वर अन्न झाले होते! धान्याची उत्पत्ती कशी होते, ह्याचा एक धडा त्या डोंगरउताराने त्यांना दिला.

१९१७ साली ते सारातोव्ह येथे प्राध्यापक झाले. १९२१ साली पेट्रोग्राडच्या वनस्पतिसंशोधन संस्थेची सूत्रे त्यांच्या हाती आली. हेच शहर पुढे लेनिनग्राड झाले. त्याच वर्षी व्होल्गाकाठी पुन्हा दुष्काळ पडला, आणि भुकेलेल्या देशाला टिकाऊ बियाणे पुरवण्याचा प्रश्न पुस्तकी राहिला नाही.

येथून पुढे वाचकाने जगाचा नकाशा समोर उघडून बसावे, हे बरे. १९२४ साली घोड्यांच्या तांड्यासह त्यांनी अफगाणिस्तान पालथा घातला. १९२६-२७ मध्ये भूमध्य समुद्राभोवतीचे देश आणि ॲबिसिनिया झाले. १९२९ साली पश्चिम चीन, जपान आणि कोरिया. त्यानंतर मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका. जेथे जातील तेथे शेतकऱ्यांशी बोलावे, बाजारातील धान्याच्या राशी तपासाव्या, मूठमूठ बी घेऊन पुड्या बांधाव्या, हा त्यांचा परिपाठ होता. अल्मा-अता शहराभोवतीच्या डोंगरांत त्यांनी रानटी सफरचंदांची अरण्ये पाहिली आणि ते फळ मूळचे तेथील असावे असे ताडले. ज्या प्रदेशात एखाद्या पिकाचे सर्वाधिक प्रकार आढळतात, तो त्याचा जन्मप्रदेश, असा सिद्धान्त त्यांनी १९२६ साली मांडला. वांगी, काकडी, आंबा ह्यांचे माहेर म्हणून भारताचे नाव त्या यादीत आहे. हा नियम सर्वत्र तंतोतंत लागू पडत नाही, हे पुढील संशोधकांनी दाखवून दिले. तथापि कोणत्या पिकाचे वैविध्य कोठे शोधावे, ह्याची दिशा त्यामुळे कळली. १९४० पर्यंत संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमले. एवढा संग्रह त्या काळी जगात अन्यत्र नव्हता.

परंतु सत्ताधाऱ्यांना घाई होती. शेतीच्या सक्तीच्या सामुदायिकीकरणानंतर १९३२-३३ मध्ये लाखो माणसे भुकेने मेली, आणि तो दोष पत्करण्यास राज्यकर्ते तयार नव्हते. नवे वाण सिद्ध करण्यास दहा-बारा वर्षे लागतात, असे व्हाविलॉव्ह सांगत. ट्रोफिम लिसेन्को नावाचा कृषितज्ज्ञ मात्र भिजवलेले बी थंडीत ठेवून थोडक्या काळात चमत्कार करून दाखवण्याची हमी देत होता. आनुवंशिकी त्याला मान्यच नव्हती. हुकूमशहा स्टालिनला लिसेन्को प्रिय झाला, आणि १९३८ साली कृषी अकादमीचे अध्यक्षपद त्याच्याकडे गेले. गप्प राहून स्वतःची सुटका करून घेणे व्हाविलॉव्ह ह्यांना शक्य होते. अनेकांनी तेच केले. त्यांनी मात्र आनुवंशिकीचा पक्ष उघडपणे मांडणे सोडले नाही.

६ ऑगस्ट १९४० रोजी पश्चिम युक्रेनमध्ये बियाणे गोळा करीत असतानाच त्यांना अटक झाली. हेरगिरी आणि शेतीची नासाडी असे आरोप ठेवण्यात आले. जुलै १९४१ मध्ये काही मिनिटांच्या सुनावणीनंतर त्यांना देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली. पुढे ती वीस वर्षांच्या कैदेवर आली. जेथे एके काळी ते प्राध्यापक होते, त्याच सारातोव्हच्या तुरुंगात त्यांना ठेवले होते. त्यांची पत्नी येलेना बारुलिना ह्या युद्धामुळे त्याच शहरात येऊन राहिल्या होत्या. पण पती इतका जवळ आहे हे त्यांना कोणी कळू दिले नाही. कोठडीतील सोबत्यांपुढे व्हाविलॉव्ह शास्त्रावर व्याख्याने देत. २६ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, उपासमारीने खंगून त्यांचा अंत झाला.

इकडे लेनिनग्राडला ८ सप्टेंबर १९४१ पासून जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. त्या हिवाळ्यात एक वेळ अशी आली की, बहुतेक नागरिकांच्या वाट्याला दिवसाकाठी अवघा १२५ ग्रॅम पाव येई. संस्थेत मात्र तांदूळ, गहू, मका, शेंगदाणे, बटाटे ह्यांचा संग्रह सुरक्षित होता. तेथील शास्त्रज्ञ आळीपाळीने पहारा देत, उंदीर हाकीत, आणि तळघरातील बटाटे गोठू नयेत म्हणून मिळेल ते लाकूड जाळीत. पोटात कावळे ओरडत असताना बियाण्याच्या कणगीला हात न लावणारी माणसे आपल्याकडील खेड्यांतही होऊन गेली. पण ते बी पुढच्या हंगामात त्यांच्याच शेतात पडावयाचे असे. ह्या शास्त्रज्ञांना पुढचा हंगाम दिसण्याची आशाही नव्हती. भुईमुगाचे नमुने सांभाळणारे श्चुकिन कामाच्या मेजापाशीच मरण पावले. भातसंग्रहाचे रक्षक इव्हानॉव्ह उपासमारीने गेले, तेव्हा तांदळाच्या हजारो पुड्या त्यांच्याभोवती जशाच्या तशा होत्या. जानेवारी १९४४ मध्ये वेढा उठला. संग्रहाचा फार मोठा भाग वाचला होता.

१९५५ साली व्हाविलॉव्ह ह्यांना निर्दोष ठरवण्यात आले आणि १९६७ साली संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. तोवर जगाची शेती बदलू लागली होती. भरघोस उत्पन्न देणारे मोजके वाण दूरवर पसरले, अन्नाची तूट भरून निघाली, आणि शेकडो गावठी वाण शेतांतून दिसेनासे झाले. एकाच वाणाने दूरदूरचा मुलूख व्यापला म्हणजे एकच रोग तो सारा मुलूख घेऊन जाऊ शकतो. अमेरिकेत १९७० साली मक्यावर करपा आला, तो असाच एकसारख्या पिकावर. आशियातील भातालाही त्याच सुमारास एका विषाणूने ग्रासले. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. विषाणूला दाद न देणारा गुण मिळाला तो उत्तर प्रदेशातून आणलेल्या एका रानटी भातात. पाणथळ जागी आपोआप उगवणारे ते गवतच. कोणी शेतकरी ते मुद्दाम पेरत नसे. त्याचा संकर करून सिद्ध झालेले आयआर-३६ हे वाण १९७६ साली बाहेर पडले आणि काही वर्षांतच आशियातील सुमारे एक कोटी हेक्टर जमिनीवर डोलू लागले.