रुपयामागे एक पैसा

जुन्या चलनात रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे होत. या चौसष्टांतील एक पैसा मिळकत हाती येताच बाजूला काढायचा आणि तो पुन्हा आपला मानायचा नाही, असा नियम गणिताच्या एका तरुण पदवीधराने मुंबईत शिकवण्या करीत असताना स्वतःस घालून घेतला. टक्केवारीत पाहिले तर हे प्रमाण दीड टक्क्याच्या किंचित वर जाते. त्यात वीरश्री काहीच नव्हती. परंतु धोंडो केशव कर्वे यांच्या एकशे चार वर्षांच्या आयुष्याची आर्थिक बाजू तपासू गेल्यास तिचे मूळ या किरकोळ पैशातच सापडते.

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे, आजोळी झाला. घर दापोली तालुक्यातील मुरूडचे. कुटुंब एके काळी सुस्थितीत होते. पुढे ती स्थिती राहिली नाही. १८७५ साली सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी हा मुलगा भर पावसाळ्यात कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्यास गेला. शंभराहून अधिक मैलांची ती चाल होती. तेथे पोहोचल्यावर तो वयाने लहान दिसतो, या कारणावरून त्याला परीक्षेस बसू दिले गेले नाही. तो तसाच परत फिरला. मॅट्रिक होण्यास १८८१ साल उजाडले आणि बी.ए. होण्यास १८८४. तेव्हा त्यांचे वय सव्वीस वर्षांचे होते. उशिरा मिळालेल्या गोष्टीची घाई न करण्याचा त्यांचा स्वभाव बहुधा येथेच घडला असावा.

मुंबईत ते मुलींच्या दोन शाळांत आणि मराठा हायस्कुलात शिकवीत. शिवाय खासगी शिकवण्या असत आणि दिवस पहाटेच सुरू होई. रुपयामागे एक पैसा हा नियम त्यांनी स्वतःपुरता ठेवला नाही. मुरूडहून बाहेर पडून नोकरीधंदा करणाऱ्यांनी याच प्रमाणात गावासाठी वर्गणी द्यावी, अशी कल्पना त्यांनी मांडली आणि त्यातून ‘मुरूड फंड’ उभा राहिला. आजच्या पिढीस ठरावीक तारखेस खात्यातून आपोआप वळती होणारी रक्कम परिचित आहे. तत्त्व तेच होते. फरक इतकाच, की तेथे परताव्याची अपेक्षा गावाच्या नावे मांडली होती.

१८९१ मध्ये पहिली पत्नी राधाबाई निवर्तल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा लहान होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून कर्वे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यास वीस वर्षांचे बंधन आणि वेतन मासिक पंचाहत्तर रुपये. मुंबईत याहून अधिक मिळकत शक्य होती. मात्र किती मिळाले म्हणजे पुरेसे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी वयाच्या तेहतिसाव्या वर्षीच देऊन टाकले होते. पुढे सत्तर वर्षे ते उत्तर फारसे बदलले नाही.

११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई या त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या विधवा भगिनी आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी. लग्नानंतर त्यांचे नाव आनंदीबाई ठेवण्यात आले. जगाने त्यांना बाया म्हणून ओळखले. ज्या मुरूडसाठी पैसा पैसा साठविला होता, त्याच गावाने या जोडप्यावर बहिष्कार टाकला. १८९६ मध्ये अण्णांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर, रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जागेत एका झोपडीत हलला. महाविद्यालयातील तास संपवून अण्णा संध्याकाळी सामानाचे ओझे घेऊन तेथे पायी जात आणि सकाळी परतून वर्गावर उभे राहत.

अण्णांच्या चरित्रातील सर्वांत अवघड व्यवहार याच काळातील आहे. आपली शिल्लक तर त्यांनी आश्रमास दिलीच. परंतु बायकामुलांची तरतूद म्हणून उतरविलेल्या आयुर्विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नावे करून दिली. गुंतवणुकीचा सल्ला देणारा कोणीही आज याला शहाणपण म्हणणार नाही, आणि तेव्हा बायांनीही म्हटले नाही. एकदा वैधव्य भोगलेल्या स्त्रीस पुन्हा तसाच प्रसंग ओढवल्यास हाती काय उरेल, ही भीती पुस्तकी नव्हती. बाया रडल्या, भांडल्या. समाजाने वाळीत टाकलेल्या घरात नातेवाइकांच्या आधाराचाही भरवसा नव्हता. तरी अण्णा बधले नाहीत.

हा प्रसंग अण्णांचा थोरपणा म्हणून सांगण्याची प्रथा आहे. ती अपुरी आहे. एका माणसाचे समाधान दुसऱ्याच्या असुरक्षिततेवर उभे राहिले, हे मान्य केल्यावाचून तो प्रसंग पुरता समजत नाही. बायांनी काटकसरीने संसार रेटला, मुले वाढविली, पुढे आश्रमासाठी स्वतः वर्गणीही गोळा केली. त्यांचा सारा जमाखर्च ‘माझे पुराण’ या त्यांच्या आत्मकथनात स्पष्टपणे आला आहे. अण्णांच्या ‘आत्मवृत्त’च्या शेजारी हे पुस्तक ठेवले, तरच या घराचा ताळेबंद जुळतो.

संस्थेच्या पैशाबाबत मात्र अण्णा अत्यंत सावध होते. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले तेव्हा विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि आधार होता तो लहान लहान वार्षिक वर्गण्यांचा. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. मुद्दल कायम ठेवून साडेतीन टक्के दराने वर्षाला येणाऱ्या साडेबावन्न हजार रुपयांच्या व्याजावर विद्यापीठ चालावे, अशी ती योजना होती. पुढे विठ्ठलदासांच्या पश्चात विश्वस्तांशी मतभेद होऊन काही काळ हा ओघ अडला, आणि एकाच मोठ्या झऱ्यावर अवलंबून राहण्याची जोखीम दिसून आली. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईस गेले.

त्याच वर्षी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णा पुन्हा पैशापैशाच्या हिशेबाकडे वळले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती तेथे शाळा काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. निवृत्तिवेतन मासिक सत्तर रुपये होते. त्यातील पंधरा रुपये दरमहा मंडळास जाऊ लागले. म्हणजे रुपयामागे एका पैशाचे प्रमाण आता जवळजवळ चौदा पैशांवर पोहोचले होते. तेवढ्यावर भागणार नव्हते. म्हणून हा वृद्ध प्राध्यापक पुण्यात दारोदार फिरून लहानसहान रकमा गोळा करू लागला. कोणी फार थोडे दिले तरी त्यांना विषाद वाटत नसे, कारण पुढील महिन्यात त्या दारी पुन्हा जायचेच असे. या मार्गाने सुमारे चाळीस शाळा उभ्या राहिल्या.

मुलगा शंकर आफ्रिकेत मोंबासा येथे डॉक्टर होता. रघुनाथ संततिनियमनाच्या प्रचारासाठी नोकरीवर पाणी सोडून बसला होता. पैशाविषयीची बेफिकिरी घरात वारशाने उतरली होती, असे म्हणण्यास जागा आहे. १९४४ मध्ये अण्णांनी समता संघ काढला. १९५० मध्ये बाया गेल्या. १९५८ साली शंभरावा वाढदिवस मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंडित नेहरूंच्या उपस्थितीत साजरा झाला आणि त्याच वर्षी भारतरत्न हा किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णांचे पुण्यात निधन झाले. ज्या माळावर झोपडी होती, तो भाग आता कर्वेनगर म्हणून ओळखला जातो.