लानेलीचा मास्तर

रग्बीतलं मला फारसं कळत नाही. कबड्डी-खो-खोवर वाढलेल्या माणसाला तो लंबगोल चेंडूमागचा धुडगूसच वाटतो. तरीही एका रग्बीवाल्याबद्दल मिळेल ते मी वाचत आलो आहे. तो म्हणजे कॅर्विन जेम्स.

१९२९ साली वेल्समधल्या केव्हनाइथिन या खेड्यात खाणकामगाराच्या घरी तो जन्मला. घरची भाषा वेल्श. त्याच भाषेचं साहित्य तो शिकला, सक्तीच्या नौदल-नोकरीत रशियन शिकला आणि पुढे मास्तरकी पत्करली. खेळायचा लानेली या कामगारवस्तीच्या गावाकडून, फ्लाय-हाफच्या जागेवर. चाल कशी रचायची हे ठरवणारी ही जागा. पण तिथे क्लिफ मॉर्गनसारखा महारथी ठाण मांडून होता. आपल्या पद्माकर शिवलकरांना बेदी आडवे आले, तसंच काहीसं. वेल्सकडून जेम्स खेळला अवघे दोन सामने, तेही १९५८ सालचे.

खेळ सुटल्यावर माणसं क्लबच्या समितीवर बसतात, जुन्या सामन्यांच्या गोष्टी सांगतात. जेम्स लानेलीच्या पोरांना शिकवायला उभा राहिला. तेव्हाच्या रग्बीत पैशाला मज्जाव, त्यामुळे हे काम बिनपगारी!

१९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ लानेलीत आला. जेम्सचा वर्णद्वेषाला कडवा विरोध. त्याने आपल्या खेळाडूंची तयारी करून घेतली, त्यांना मैदानावर धाडलं आणि सामना न बघता स्वतः ड्रेसिंग रूममध्येच बसून राहिला. मला हा प्रसंग त्याच्या विजयांहून मोठा वाटतो.

विजयही काही थोडेथोडके नव्हते. १९७१ मध्ये ब्रिटन-आयर्लंडचा लायन्स संघ त्याच्या हाताखाली न्यूझीलंडला गेला. चार कसोट्यांपैकी दोन जिंकल्या, एक हरली, एक बरोबरीत सुटली. तिथे लायन्सनी जिंकलेली ही आजवरची एकमेव मालिका. तिचा नायक बॅरी जॉन, जेम्सच्याच गावचा!

आणि मग ३१ ऑक्टोबर १९७२. तोच न्यूझीलंड संघ स्ट्रेडी पार्कवर उतरला. गोलपोस्टच्या टोकांवर लाल पातेली मिरवणारं हे मैदान. फिल बेनेटची पेनल्टी दांडीवर आपटून मागे आली. पाहुण्यांनी चेंडू लांब टोलवायला पाय उचलला, तोवर रॉय बर्जियर्सने तो अडवून रेषेपलीकडे टेकवला. शेवटी ९-३. गावातल्या पबमधली बीअर त्या रात्री संपली, असं सांगतात.

वेल्सच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारी मात्र त्याच्याकडे कधीच आली नाही. संघनिवडीत प्रशिक्षकाचा शब्द चालावा, हा त्याचा आग्रह. निवड समितीची मक्तेदारी सोडायची तयारी नव्हती. १९७४ मध्ये त्याने आपलं नाव मागे घेतलं. अट थोडी सैल करायला हवी होती का? मला अजून ठरवता येत नाही. इकडे लानेलीने १९७३ ते १९७६ अशी सलग चार वर्षं वेल्श चषक जिंकला.

पुढे इटलीतल्या रोव्हिगो क्लबलाही त्याने शिकवलं. लग्न केलं नव्हतं. जानेवारी १९८३ मध्ये अॅमस्टरडॅमच्या एका हॉटेलात तो एकटाच गेला, वयाच्या ५३ व्या वर्षी.