मोडीतला इतिहास सांभाळणारे केळकर

पितळेची समई मोडीत निघाली की दुकानदार तिचे वजन करतो. घडवणाऱ्याच्या हाताला त्या हिशेबात जागा नसते. इनामे गेली, वाड्यांच्या वाटण्या झाल्या आणि विसाव्या शतकात महाराष्ट्रातील असंख्य वस्तू याच काट्यावरून गेल्या. त्यांतील हजारो वस्तूंची वाट ज्यांनी अडवली ते पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर.

10 जानेवारी 1896 रोजी जन्मलेले केळकर व्यवसायाने चष्म्यांचे दुकानदार आणि वृत्तीने कवी होते; ‘अज्ञातवासी’ हे त्यांचे टोपणनाव. 1920 च्या सुमारास त्यांनी संग्रहाला आरंभ केला. तलवारी आणि ढाली जमवण्याची हौस इतरांनाही होती. केळकरांनी मात्र अडकित्ते, दौती, फण्या, दिवे, वज्र्या अशा माजघरातील वस्तूंना इतिहासाच्या पंक्तीत बसवले. त्यासाठी ते देशभर हिंडले. कोथरूडचा मस्तानी महाल तर त्यांनी आपल्या संग्रहालयात पुन्हा उभा केला. पत्नी कमलाबाईंची या कामात साथ होती, आणि राहत्या घरात संग्रह वाढत असताना ती साथ सोपी खासच नसणार. बालवयात निवर्तलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले.

वस्तू जमवण्याचा खर्च एकदाच होतो, सांभाळण्याचा दरवर्षी. पुण्याची हवा आषाढात ओलसर, वैशाखात कोरडी. या फेऱ्यात हस्तिदंताला चिरा जातात, लाकूड फुगते नि आकसते. दरवाजांना वाळवीचे भय, रेशमी वस्त्रांना कसरीचे. घरची समई चिंचेने लख्ख घासली की गृहिणीला समाधान वाटते. संग्रहालयातील समईला तोच उपचार घातक, कारण आम्लाबरोबर बारीक नक्षीही झिजते. शिवाय वस्तू कोठून आली याची नोंद हरवली, तर ती वस्तू जवळजवळ पुन्हा मोडीतच जमा होते.

हा भार एका कुटुंबाच्या मिळकतीवर कायमचा टाकता येणार नव्हता. 1975 साली केळकरांनी संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. या दानाची स्तुती पुष्कळ झाली; दानाबरोबर शासनाने पत्करलेल्या नित्य खर्चाची चर्चा क्वचितच होते. 1980 मध्ये ते पद्मश्रीचे मानकरी ठरले आणि 17 एप्रिल 1990 रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, निवर्तले.

बाजीराव रस्त्यालगतच्या नातूबागेतील या संग्रहालयात आज सुमारे 20 हजार वस्तू आहेत. पैकी प्रेक्षकांसमोर मांडलेल्या थोड्याच. जागेअभावी बाकीच्या कोठारात. नवे दालन उघडले की समारंभ होतो, वृत्तपत्रांत छायाचित्र येते. कोठारातील कपाटे, कीडनाशक फवारणी आणि नोंदवह्या लिहिणारा कारकून यांच्यासाठी अनुदान मागताना दाखवण्यासारखे काहीच नसते. तरीही केळकरांच्या सत्तर वर्षांच्या खटाटोपाचा मोठा हिस्सा त्या बंद दारांमागेच आहे.