नाताळच्या रंगमंचावरचे चार्ल्स डिकन्स

अमेरिकेतील मिनिॲपोलिस शहराच्या गथ्री थिएटर या नाट्यसंस्थेने १९७५ साली नाताळच्या सुट्टीत एका जुन्या इंग्रजी कथेचे नाट्यरूपांतर सादर केले. प्रेक्षकांचा प्रतिसाद पाहून ते पुढच्या वर्षी पुन्हा झाले आणि मग तो या संस्थेचा वार्षिक शिरस्ताच ठरला. शिकागोच्या गुडमन थिएटरने १९७८ पासून हीच प्रथा सुरू केली. लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात २०१७ पासून हीच कथा वेगळ्या रूपात रंगू लागली. कथा आहे 'अ ख्रिसमस कॅरल' आणि तिचे लेखक आहेत चार्ल्स डिकन्स.

स्क्रूज नावाचा एक कंजूष व्यापारी, त्याच्या हाताखाली थंडीत कुडकुडत काम करणारा कारकून बॉब क्रॅचिट, बॉबचा पांगळा मुलगा टायनी टिम आणि नाताळच्या आदल्या रात्री स्क्रूजला भूत, वर्तमान आणि भविष्य दाखविणारी तीन भुते, एवढेच या कथेचे भांडवल आहे. मराठी रंगभूमीला कंजूष माणूस नवा नाही. मोलिएरच्या नाटकावरून आचार्य अत्रे यांनी 'कवडीचुंबक' लिहिले, ते आजही अनेकांच्या स्मरणात असेल. मात्र मोलिएरच्या कंजुषावर प्रेक्षक हसतात, तर डिकन्स यांच्या कंजुषाला ते भितात आणि शेवटी क्षमा करतात. दरवर्षी तीच गोष्ट पाहण्यासाठी माणसे मुलाबाळांसह तिकीटबारीवर का उभी राहतात, याचे उत्तर या कथेच्या जन्मात आणि तिच्या लेखकाच्या आयुष्यात सापडते.

चार्ल्स डिकन्स यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्ट्समथ येथे झाला. वडील जॉन डिकन्स नौदलाच्या वेतन कार्यालयात कारकून होते. माणूस दिलदार, बोलका, पण हात सैल. मिळकतीपेक्षा खर्च नेहमीच जास्त. अखेर १८२४ मध्ये कर्ज न फेडल्याबद्दल त्यांना लंडनच्या मार्शल्सी तुरुंगात टाकण्यात आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे पत्नी आणि धाकटी मुलेही त्यांच्यासोबत तुरुंगात राहावयास गेली. बारा वर्षांचे चार्ल्स मात्र बाहेर राहिले. टेम्स नदीकाठच्या, उंदरांनी भरलेल्या एका पडक्या इमारतीत बूट पॉलिशचा कारखाना होता. तेथे पॉलिशच्या डब्यांना कागद बांधून त्यांवर चिठ्ठ्या डकविण्याचे काम त्यांना मिळाले. मजुरी होती आठवड्याला सहा शिलिंग.

काही महिन्यांनी वडिलांची सुटका झाली. मुलाने कारखाना सोडून पुन्हा शाळेत जावे, असे वडिलांचे मत पडले. आईला मात्र ती मजुरी बुडू नये असे वाटत होते. डिकन्स पुन्हा शाळेत गेले खरे, पण आईचे ते मत त्यांनी आयुष्यभर विसरले नाही. या काळाबद्दल त्यांनी मुलांजवळ कधी अवाक्षर काढले नाही. केवळ जॉन फॉर्स्टर या मित्राला त्यांनी ही हकिगत सांगितली आणि त्यांच्या मृत्यूनंतर फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्रातून ती जगाला कळली. साऱ्या इंग्लंडला ज्यांच्या कादंबऱ्यांतील अनाथ मुले ठाऊक होती, त्यांच्या स्वतःच्या मुलांना वडिलांचे बालपण छापील पुस्तकातून कळावे, हा प्रकार विलक्षण म्हणावा लागेल.

शाळेनंतर वकिलाच्या कचेरीत उमेदवारी, लघुलेखनाचा अभ्यास आणि संसदेच्या कामकाजाचे वार्तांकन, असा त्यांचा प्रवास झाला. याच काळात नाटकाने त्यांना झपाटले होते. ते जवळपास रोज नाटक पाहत आणि आरशासमोर तासन्‌तास भूमिकांचा सराव करीत. १८३२ मध्ये कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहाने त्यांना चाचणीसाठी बोलावले. नेमक्या त्याच दिवशी जबर सर्दीने त्यांचा आवाज बसला आणि ते गेलेच नाहीत. पुढे पत्रकारितेत जम बसला, १८३६ पासून 'पिकविक पेपर्स' मासिक भागांतून प्रसिद्ध होऊ लागले आणि चोविसाव्या वर्षी डिकन्स नामवंत झाले. त्याच वर्षी कॅथरिन होगार्थ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला दहा अपत्ये झाली. नट होण्याची इच्छा मागे पडली, पण ती विझली नव्हती.

१८४३ हे वर्ष त्यांना कठीण गेले. 'मार्टिन चझलविट' या कादंबरीचे भाग अपेक्षेप्रमाणे खपत नव्हते आणि प्रकाशक मासिक मानधनातून पन्नास पौंड कापण्याची भाषा करू लागले होते. घरात पाचवे अपत्य येऊ घातले होते. त्याच वर्षी खाणी आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी आयोगाचा अहवाल डिकन्स यांच्या वाचनात आला. तो वाचून ते हादरले. या मुलांच्या बाजूने एखादी पुस्तिका काढावी, असे त्यांनी प्रथम ठरविले. पण थोड्याच दिवसांत विचार बदलला. पुस्तिकेपेक्षा कितीतरी अधिक परिणाम करील असे काहीतरी वर्षअखेरीस आपण करू, असे त्यांनी एका परिचिताला कळविले. सप्टेंबरमध्ये त्यांनी लंडनच्या फील्ड लेन येथील गरीब मुलांची शाळा पाहिली. ऑक्टोबरमध्ये ते मँचेस्टरला श्रमिकांच्या शिक्षणासाठी भाषण करण्यास गेले. तेथून परतल्यावर कथेने आकार घेतला.

सुमारे सहा आठवड्यांत लेखन पुरे झाले. दिवसा लिहावे आणि रात्री लंडनच्या निर्मनुष्य रस्त्यांवरून पंधरा-वीस मैल चालावे, असा क्रम होता. चालताना ते कधी हसत, तर कधी त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. जॉन लीच यांनी चित्रे काढली. लाल कापडी बांधणी आणि सोनेरी कडा असलेले हे देखणे पुस्तक १९ डिसेंबर १८४३ रोजी बाजारात आले आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत त्याच्या सहा हजार प्रती संपल्या.

पण हिशेब हाती आला तेव्हा डिकन्स यांची झोप उडाली. हजार पौंडांची अपेक्षा असताना सुरुवातीला जेमतेम दोनशे तीस पौंड पदरात पडले. छपाईचा खर्च अफाट झाला होता आणि किंमत मात्र त्यांनी हट्टाने पाच शिलिंगच ठेवली होती. ही किंमत तरी गरिबाला परवडणारी होती काय? कथेतील बॉब क्रॅचिट आठवड्याला पंधरा शिलिंग कमावतो. म्हणजे स्वतःची गोष्ट विकत घ्यायला त्याला आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता. ज्यांच्यासाठी हा अट्टाहास होता, त्यांच्यापर्यंत कथा पोहोचली ती पुस्तकातून कमी आणि रंगमंचावरून अधिक, असे म्हणावयास जागा आहे.

रंगमंचाने तिला उचलण्यास वेळ लावला नाही. ५ फेब्रुवारी १८४४ या एकाच दिवशी लंडनमध्ये तिची तीन नाट्यरूपे सुरू झाली आणि महिना संपेपर्यंत ही संख्या आठवर गेली. त्यांपैकी अडेल्फी नाट्यगृहातील एडवर्ड स्टर्लिंग यांच्या नाटकालाच डिकन्स यांची संमती होती. बाकीच्यांनी ती मागितली नाही आणि मागण्याचे कायद्याने बंधनही नव्हते. त्या वेळच्या इंग्लंडमध्ये नाटककाराच्या हक्काला संरक्षण होते, पण कादंबरीवरून कोणीही नाटक रचले तर कादंबरीकाराला एक पैसाही देणे लागत नसे. कथेची चोरटी आवृत्ती काढणाऱ्या एका प्रकाशनाविरुद्ध मात्र डिकन्स न्यायालयात गेले आणि खटला जिंकले. प्रकाशकांनी दिवाळे जाहीर केले, तेव्हा जिंकलेल्या डिकन्स यांनाच सुमारे सातशे पौंडांचा खर्च सोसावा लागला. कथेने सुरुवातीला मिळवून दिलेल्या पैशांपेक्षा तिच्या रक्षणाला अधिक पैसे गेले.

दहा वर्षांनी डिकन्स स्वतःच या कथेचे नट झाले. डिसेंबर १८५३ मध्ये बर्मिंगहॅमच्या नगर सभागृहात एका शिक्षणसंस्थेच्या मदतीसाठी त्यांनी तिचे जाहीर वाचन केले. तीन दिवसांनी, ३० डिसेंबरला, केवळ कामगारांसाठी दुसरे वाचन झाले. त्यासाठी तिकीट सहा पेन्सपर्यंत खाली आणावे, असा त्यांचाच आग्रह होता. दोन हजारांहून अधिक कामकरी स्त्री-पुरुष आले. डिकन्स प्रत्येक पात्राचा आवाज, चेहरा आणि हातवारे बदलत. स्क्रूज बोलू लागला की हनुवटी गळपट्टीत खचे. टायनी टिमच्या प्रसंगाला सभागृहात हुंदके ऐकू येत. आपल्याकडील कीर्तनकार एकाच जागी उभे राहून साऱ्या आख्यानातील माणसे उभी करतात. ज्यांनी उत्तम कीर्तन ऐकले आहे, त्यांना या वाचनांची कल्पना सहज येईल.

१८५७ मध्ये 'द फ्रोझन डीप' या नाटकाच्या मँचेस्टर येथील प्रयोगांसाठी व्यावसायिक अभिनेत्री बोलावण्यात आल्या. त्यांत अठरा वर्षांच्या एलन टर्नन होत्या. पंचेचाळीस वर्षांचे डिकन्स त्यांच्यात गुंतले. पुढच्याच वर्षी बावीस वर्षांचा संसार मोडला. कॅथरिन यांना घर सोडावे लागले आणि थोरला मुलगा वगळता बाकी मुले वडिलांकडे राहिली. डिकन्स यांनी वृत्तपत्रांत निवेदन देऊन स्वतःचा बचाव केला. त्यात पत्नीला न्याय मिळाला नाही. चुलीभोवती जमलेल्या सुखी कुटुंबाचे चित्र ज्यांनी साऱ्या इंग्रजी जगाला दिले, त्यांच्या चरित्रातील हे पान त्यांच्या चाहत्यांनाही अडचणीत टाकते.

भारतीय वाचकाला आणखी एक पान अडखळविते. १८५७ च्या उन्हाळ्यात डिकन्स यांचा दुसरा मुलगा वॉल्टर सोळाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात दाखल होण्यासाठी भारताकडे निघाला. उठावाच्या बातम्या लंडनला पोहोचल्या, तेव्हा डिकन्स यांनी एका पत्रात भारतीयांचा समूळ नाश करण्याची भाषा वापरली. बापाची काळजी आणि त्या वेळच्या वृत्तपत्रांनी चेतविलेला संताप एवढ्याने त्याचे स्पष्टीकरण पुरे होत नाही. लंडनच्या गल्लीतील प्रत्येक उपाशी मुलाचा चेहरा ज्यांना दिसला, त्यांना भारतातील माणसे दिसलीच नाहीत.

वॉल्टर परत गेला नाही. ३१ डिसेंबर १८६३ रोजी, नाताळच्या आठवड्यातच, कोलकात्याच्या रुग्णालयात वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. आजोबांप्रमाणेच त्याच्याही डोक्यावर देणी होती. ही बातमी डिकन्स यांना ७ फेब्रुवारी १८६४ रोजी, म्हणजे त्यांच्या बावन्नाव्या वाढदिवशी मिळाली. 'अ ख्रिसमस कॅरल' लिहिले जात असताना जे अपत्य येऊ घातले होते, तो फ्रान्सिस त्याच सुमारास बंगालच्या पोलीस दलातील नोकरीसाठी भारतात पोहोचला होता. भावाला भेटण्याच्या आशेने आलेल्या फ्रान्सिसला येथे उतरल्यावरच तो गेल्याचे कळले. वॉल्टरची स्मृतिशिला आज कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट येथील जुन्या दफनभूमीत आहे.

१८५८ पासून डिकन्स यांची वाचने व्यावसायिक झाली होती आणि गर्दी वाढत चालली होती. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्ट येथे रेल्वेचे डबे पुलावरून कोसळले. डिकन्स यांचा डबा अधांतरी लटकत राहिला. ते बाहेर पडले आणि जखमींना पाणी पाजत फिरले. पण त्यानंतर रेल्वेत बसले की त्यांना कापरे भरे. तरीही १८६७ च्या डिसेंबरात बोस्टनपासून अमेरिकेचा दौरा सुरू झाला. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी 'अ ख्रिसमस कॅरल'ची निवड केली. तिकिटांसाठी लोक कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर रांगा लावून उभे होते. पाच महिन्यांच्या या दौऱ्यात सुमारे एकोणीस हजार पौंड हाती आले. डाव्या पायाची सूज, सतत खोकला आणि अन्नावरील वासना उडालेली, अशा स्थितीत ते मायदेशी परतले.

डॉक्टरांनी विश्रांतीचा सल्ला दिला. डिकन्स यांनी मात्र 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधील नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग वाचनांत नव्याने घेतला. निरोपाच्या वाचनांच्या वेळी डॉक्टर पडद्यामागे बसून त्यांची नाडी मोजत. एरवी बहात्तर असणारी नाडी त्या प्रसंगानंतर एकशेवीसच्या वर जाई. पैशांची गरज होती, हे खरे. परंतु टाळ्यांची गरज त्याहून मोठी असावी, असे वाटते. कॉव्हेंट गार्डनची ती हुकलेली चाचणी ते जणू रोज रात्री नव्याने देत होते.

१५ मार्च १८७० रोजी लंडनच्या सेंट जेम्स सभागृहात शेवटचे वाचन झाले. त्यातही पहिली कथा तीच होती. पुढे तीन महिने पुरे होण्याआधीच, ९ जून १८७० रोजी, गॅड्स हिल येथील घरी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. रेल्वे अपघाताला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे झाली होती. गाजावाजा न करता साधेपणाने दफन करावे, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे १४ जूनच्या सकाळी मोजक्याच माणसांच्या उपस्थितीत वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांना मूठमाती देण्यात आली.

रंगमंचावरील कथा त्यानंतरही बदलत राहिली. गथ्री थिएटरने १९७५ मध्ये बार्बरा फील्ड यांची संहिता वापरली होती. २०२१ मध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या लविना जाधवानी यांनी नवी संहिता तयार केली. २०२० मध्ये महासाथीमुळे नाट्यगृहे बंद पडली, तेव्हा गुडमन थिएटरने आपली परंपरा खंडित होऊ न देता कथेचे श्राव्य नाटक केले आणि ते विनामूल्य ऐकविले.

डिकन्स यांचे खाडाखोडींनी भरलेले मूळ हस्तलिखित न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात असून नाताळच्या दिवसांत ते दर्शनासाठी मांडले जाते. त्याच शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात वाचनासाठी वापरलेली त्यांची प्रत आहे. छापील पुस्तकाची पाने सोडवून ती मोठ्या कागदांवर चिकटविलेली आहेत. अनेक परिच्छेद शाईने खोडलेले आहेत आणि कोठे आवाज कसा लावावा, याच्या सूचना समासात त्यांच्याच हस्ताक्षरात आहेत.