दोनांपैकी कोणतं? – मनाचा कौल मोजणारे लुई थर्स्टन

वर्गात सहलीचं ठिकाण ठरवताना काय होतं ते आठवा. बाई विचारतात, किल्ल्यावर जायचं की समुद्रावर? काही हात झटकन वर जातात. काही अर्धे वर येतात आणि पुन्हा खाली जातात. काल किल्ला म्हणणारा मुलगा आज समुद्र म्हणतो. आपण म्हणतो, याचं काही खरं नाही! पण या डळमळण्यातच माहिती दडलेली आहे, असं मानून ते मोजायला निघालेला एक शास्त्रज्ञ होऊन गेला. त्यांचं नाव लुई लिऑन थर्स्टन. डी.एड., बी.एड. करणाऱ्यांना ते बुद्धीच्या सात प्राथमिक क्षमतांमुळे माहीत असतात. आज त्यांचं दुसरं मोठं काम पाहू या.

थर्स्टन यांचा जन्म १८८७ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात झाला. आईवडील स्वीडनहून आलेले. मूळ आडनाव थुन्स्ट्रॉम, पण अमेरिकेत ते कुणाला नीट उच्चारता येईना, म्हणून पुढे थर्स्टन झालं. लहानपणाची काही वर्षं स्वीडनमध्येही गेली.

ते शिकले मात्र इंजिनिअरिंग. कॉर्नेल विद्यापीठात असताना त्यांनी चित्र लुकलुकणार नाही असा सिनेमाचा प्रोजेक्टर तयार केला. तो पाहून थॉमस एडिसन यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत बोलावलं आणि १९१२ मध्ये त्यांनी तिथे काही काळ काम केलं. मग मिनेसोटा विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवताना त्यांना वेगळाच प्रश्न पडला: माणूस शिकतो तरी कसा? या प्रश्नामागे ते मानसशास्त्राकडे वळले. १९१७ मध्ये शिकागो विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि १९२४ पासून तिथेच शिकवू लागले.

त्या काळी मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत माणसाच्या हातात दोन वजनं देत आणि जड कोणतं ते विचारत. थर्स्टनना हे फार कंटाळवाणं वाटे. वजनाऐवजी माणसाला खरोखर महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी का विचारू नयेत? १९२७ साली त्यांनी तुलनात्मक निर्णयाचा नियम मांडला.

नियम सोपा करून पाहू. प्रत्येक गोष्टीला आपल्या मनात एक सरासरी जागा असते. पण दर वेळी ती थोडी वर-खाली होते, जशी तराजूची काटी हलते. दोन गोष्टी मनात दूरदूर असतील तर ही हालचाल निकाल बदलत नाही. जवळजवळ असतील तर कधी ही जिंकते, कधी ती. म्हणून १०० मुलांपैकी ५० जण किल्ला आणि ५० जण समुद्र म्हणाले, तर दोन्हींची जागा सारखी. ९५ जण किल्ला म्हणाले, तर किल्ला बराच पुढे. किती जण कुणीकडे झुकले, यावरून मनातलं अंतर काढता येतं. आहे ना गंमत?

त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या २६६ विद्यार्थ्यांपुढे १९ गुन्ह्यांची यादी ठेवली. प्रत्येक गुन्ह्याची जोडी दुसऱ्या प्रत्येकाशी लावली, म्हणजे १७१ जोड्या झाल्या! प्रत्येक जोडीत विचारलं, जास्त गंभीर कोणता? उत्तरांतून गुन्ह्यांची एक मोजपट्टीच तयार झाली. खुनासारखे गुन्हे वरच्या टोकाला आणि नुसती भटकेगिरी तळाशी.

मत मोजता येतं, तर मत बदललेलंही पकडता येतं. इलिनॉय राज्यातल्या क्रिस्टल लेक या गावी थर्स्टन आणि त्यांच्या सहकारी रूथ पीटरसन यांनी शाळकरी मुलांची कृष्णवर्णीयांबद्दलची अभिवृत्ती मोजली. मग कृष्णवर्णीयांना वाईट रंगवणारा एक गाजलेला मूकपट त्यांना दाखवला आणि पुन्हा मोजणी केली. मुलांचं मत स्पष्टपणे वाईट झालं होतं. पाच महिन्यांनीही ते पूर्णपणे पूर्वीच्या जागी आलं नव्हतं. हा अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. एक सिनेमा मुलांच्या मनात केवढा द्वेष पेरू शकतो, हे आकड्यांत दिसलं.

१९३१ मध्ये त्यांनी टोप्या, बूट आणि ओव्हरकोट यांच्या वेगवेगळ्या संख्या मांडून निवड कशी होते तेही तपासलं. पुढे, १९४२ मध्ये, वॉलिस आणि फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी आक्षेप घेतला. कागदावरचा प्रश्न वेगळा आणि खिशातले पैसे देऊन केलेली निवड वेगळी! आक्षेप रास्त होता. सर्वेक्षण करणाऱ्यांना तो आजही विसरून चालत नाही.

१९५५ साली थर्स्टन यांचं निधन झालं. त्यांच्या पत्नी थेल्मा, ज्या स्वतःही मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातली त्यांची प्रयोगशाळा पुढे सांभाळली. १९६० च्या सुमारास जेकब मार्शाक यांनी थर्स्टन यांची कल्पना अर्थशास्त्रात आणली. नंतर डॅनियल मॅकफॅडन यांनी लोकांच्या रोजच्या प्रवासाची माहिती घेऊन सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या नव्या रेल्वेचा अंदाज बांधला. सरकारी अंदाज होता १५ टक्के प्रवाशांचा, त्यांचा ६.३ टक्के. प्रत्यक्षात आले ६.२ टक्के! २००० साली मॅकफॅडन यांना नोबेल मिळालं. या कामाच्या मुळाशी थर्स्टन यांची ती हलणारी काटी होती.

शिक्षक मित्रांनो, पुढच्या वेळी वर्गात कुणाचा हात अर्ध्यावर थांबला, तर त्याला गोंधळलेला म्हणू नका. त्याला दोन्ही गोष्टी जवळजवळ सारख्या वाटताहेत, एवढंच तो सांगतोय. आणि मुलांनो, सहलीची पाच ठिकाणं घ्या, त्यांच्या दहा जोड्या पाडा आणि प्रत्येक जोडीवर हात मोजा. तुमच्या वर्गाच्या मनाची मोजपट्टी तुम्हीच तयार कराल, बरं का!