रामानुजन यांचे आजारपण

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी ईरोड येथे झाला. कुंभकोणम येथील बालपण, मद्रास बंदरातील कारकुनी आणि केंब्रिजच्या प्रा. हार्डी यांना १९१३ मध्ये पाठविलेले सूत्रांनी भरलेले पत्र, हा त्यांच्या चरित्राचा पूर्वार्ध बहुतेकांना ठाऊक असतो. इंग्लंडमधील त्यांच्या आजारपणाविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

एप्रिल १९१४ मध्ये ते इंग्लंडला पोहोचले आणि चारच महिन्यांत महायुद्धाला तोंड फुटले. रामानुजन कट्टर शाकाहारी. स्वतः रांधून खाणारे. युद्धकाळात फळे व भाजीपाला दुर्मीळ झाला. त्यातच गणितात गढून गेल्यावर त्यांना जेवणाचे वा झोपेचे भान उरत नसे. १९१७ च्या वसंतात त्यांनी अंथरूण धरले. रात्री ताप चढे, वजन घटत चालले. निदान वारंवार बदलले व अखेर क्षयावर येऊन थांबले. (तो क्षय नसून यकृतातील अमीबाजन्य विकार असावा, असे पुढील काळातील काही वैद्यकीय अभ्यासकांचे मत आहे.) त्या काळी क्षयरोग्यांना थंड, मोकळ्या हवेत ठेवीत. दक्षिणेच्या उन्हात वाढलेल्या रामानुजन यांना तो गारठा सोसवेना. आरोग्यधामात ऊब मिळे ती केवळ स्नानगृहात. म्हणून ते कागद-लेखणी घेऊन तेथेच बसत.

शरीर असे खचत असताना मनावरील भारही वाढत होता. सासू-सुनेतील तेढीमुळे पत्नी जानकी यांची पत्रे त्यांच्या हाती पडत नव्हती. पाणबुड्यांच्या भयाने मायदेशी परतणे धोक्याचे झाले होते. १९१७ मध्येच ट्रिनिटी कॉलेजने त्यांना फेलोपद नाकारले. मूळचे विनोदप्रिय आणि गप्पिष्ट रामानुजन अबोल झाले. १९१८ च्या आरंभी लंडनमध्ये त्यांनी आपले जीवन संपविण्याचा प्रयत्न केला; एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रसंगावधानामुळे ते बचावले. याला स्वभावाचा दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. दीर्घ ताप, अपुरे अन्न आणि एकाकीपणा यांनी मिळून त्यांचे मन पोखरले होते.

हार्डी यांनी त्यांची साथ सोडली नाही. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने रामानुजन यांना आपले सदस्य करून घेतले व ऑक्टोबरात ट्रिनिटीनेही फेलोपद दिले. ताप उतरू लागला, वजन वाढले आणि त्यांची लेखणी पुन्हा चालू लागली.

१९१९ मध्ये ते भारतात परतले. व्याधी मात्र पुन्हा बळावली. अंथरुणावरूनच त्यांनी जानेवारी १९२० मध्ये हार्डी यांना आपल्या नव्या संशोधनाविषयी पत्र लिहिले. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मद्रास येथे त्यांचे निधन झाले.