अणुभट्टीच्या काळातील सूर्याचा वकील

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते इतिहासकार म्हणून. जुन्या नाण्यांचे वजन करून काळाचा मागोवा घेणारा हा गणिती सौरऊर्जेचाही कडवा पुरस्कर्ता होता, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही.

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात जन्मलेले कोसंबी वडील धर्मानंद यांच्याबरोबर बालपणीच अमेरिकेला गेले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले. बनारस, अलिगढ आणि पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय अशी अध्यापनाची वाटचाल झाल्यावर होमी भाभा यांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. पुण्यातील घर न सोडता कोसंबी 'दख्खनच्या राणी'ने मुंबईला ये-जा करीत.

१९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट जगापुढे ठेवला. त्यावर पडणाऱ्या उन्हापैकी जेमतेम सहा टक्क्यांचीच वीज होत असे. दोन वर्षांनी तुर्भ्याला 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली आणि देश अणुयुगाच्या स्वप्नात रमला. भाभा त्या स्वप्नाचे शिल्पकार; त्यांच्याच संस्थेत बसून कोसंबी विरोधी सूर लावीत होते. १९६० मध्ये पुण्यातील भाषणातही त्यांनी तो लावला. अणुवीज महाग आणि धोक्याची. ऊन मात्र गावोगाव आपोआप पोहोचते, त्याला लांबलचक तारा लागत नाहीत, तेव्हा संशोधनाचा पैसा तिकडे वळवावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. सोलापूर जिल्ह्याच्या टोकाला, कर्नाटकाच्या सीमेवर असलेल्या दुधनीसारख्या कोरड्या मुलखाकडे पाहिले, की त्यातील व्यवहारज्ञान पटते.

१९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे चालविला नाही. सूर्याचा आग्रह हेच त्याचे एकमेव कारण मानणे भाबडेपणाचे ठरेल. भाभांशी संबंध ताणले गेले होतेच. शिवाय रीमानच्या गृहीतकाची त्यांनी मांडलेली सिद्धता गणितज्ञांनी स्वीकारली नाही आणि त्यांच्या लौकिकाला धक्का बसला. स्वभावही तडजोडीचा नव्हता. तरीही सौरऊर्जेवरील त्यांचे लेखन थांबले नाही.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. त्याआधी पाच महिने, जानेवारीत, भाभा विमान अपघातात गेले होते. सौरघटांवरील संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र मुंबईच्या आयआयटीत उभे राहिले ते २०१० मध्ये.